दिवे लागलेल्या खिडक्या

कॅमेऱ्यावरचा आकडा अडतीसवर गेला, तेव्हा धाकट्याच्या खांद्यावर टेकवलेली छत्री कलली आणि पाण्याचा ओघळ मानेवरून थेट पाठीत उतरला.

रोल छत्तिसाचा होता. नशीब जोरावर असलं तर सदतिसावा फोटो निघतो, कधीमधी अडतिसावाही निघतो. पण तेव्हा लिव्हर ओढताना अंगठ्याला ताण लागतो, आतली फिल्म संपत आल्याचं कळतं. इथे ताणाचं नाव नव्हतं. बटण दाबून त्याने ती आणखी एकदा ओढून पाहिली. एकोणचाळीस. लिव्हर मजेत फिरली.

"अरे देवा," धाकटा स्वतःशीच म्हणाला.

धाकटा म्हणजे वय वर्षं त्रेसष्ट. डोक्यावर होते तेवढे केस पांढरे, एका कानाने जरा कमी ऐकू येणारा. पण ताई त्याला धाकट्या म्हणते, आणि या गोष्टीत ताईचाच शब्द चालतो, म्हणून आपणही तेच म्हणू.

ज्यांनी असला जुना कॅमेरा कधी हातात धरला नाही, त्यांना सांगायला हवं. रोल घालताना फिल्मची जीभ उजव्या बाजूच्या रिळाच्या खाचेत अडकवावी लागते. ती नीट अडकली नाही तर आत जागच्या जागी पडून राहते आणि बाहेर मात्र सगळं यथासांग चालू असतं. लिव्हर ओढली जाते, बटण दाबलं की खट्‌ आवाज येतो, आकडा पुढे सरकतो. फक्त एका खुणेवरून बिंग फुटतं. डाव्या हाताला वर एक छोटा नॉब असतो. फिल्म सरकत असेल तर तो प्रत्येक वेळी जरासा फिरतो. खात्यातल्या किती पोरांना धाकट्याने हे घोकून घेतलं होतं! "लिव्हर ओढताना डोळा नॉबवर. नॉब फिरत नसेल तर बाळांनो, तुम्ही हवेचे फोटो काढताय." पोरं हसायची आणि कॉफी प्यायला जायची.

आज त्याचा नॉब पिशवीत होता. पावसात काम करायचं म्हणून त्याने नेहमीसारखी कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी चढवली होती. लेन्सपुरतं भोक, लिव्हरपुरती फट, आणि डावी बाजू रबरबँड लावून गच्च बांधलेली. तीस-बत्तीस वर्षांत या पिशवीने कॅमेऱ्याला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. घाईत रोल घातल्यावर पिशवी चढवण्याआधी नॉबकडे एकदा बघायचं असतं, तेवढंच आज राहिलं. सकाळी बोटं गारठली होती आणि ढग निघून जातील या भीतीने जीव वर-खाली होत होता.

रस्त्यापलीकडे जुनी टेलिफोन कचेरी उभी होती. पावसाने तिचा दगड काळा झाला होता आणि भरदुपारी तिच्या सगळ्या खिडक्यांत दिवे होते. शेवटच्या कागदपत्रांची बांधाबांध करणाऱ्या हेडक्लार्कची त्याने मनधरणी केली होती, आणि त्या भल्या माणसाने मजल्यामजल्यावर जाऊन स्वतःच्या हाताने सगळी बटणं दाबून दिली होती. "एक वाजता वीज तोडायला माणूस येणार," असंही सांगितलं होतं. धाकट्याने घड्याळात पाहिलं. एकला बारा मिनिटं होती.

तो मोबाइलच्या दुकानाच्या पडवीत शिरला, रबरबँड तोडला, पिशवी ओरबाडली आणि कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्मची जीभ बाहेरच्या बाहेर लोंबत होती, कोरी करकरीत. त्याने ती खाचेत घातली. निसटली. बोटं पँटला पुसली, पण पँटच ओली होती. पुन्हा घातली, पुन्हा निसटली. दुकानातला माणूस बाहेर येऊन म्हणाला, "आजोबा, मोबाइलवर काढून देऊ का?" धाकट्याने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो मुकाट्याने आत गेला.

चौथ्या खेपेला जीभ अडकली. त्याने पाठ लावली, लिव्हर ओढली, नॉब फिरलेला पाहिला आणि मान वर केली. तळमजला अंधारला. मग पहिला मजला. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या क्षणभर तशाच राहिल्या, आणि त्याने कॅमेरा डोळ्याला लावेपर्यंत त्याही गेल्या. समोर एक मोठी ओली इमारत राहिली. वीज तोडणारा माणूस वक्तशीर निघाला होता, दोन मिनिटं आधीच.

धाकट्याला बांधकाम खात्यात ओलसाहेब म्हणत. सरकारी इमारती कुठे गळतात, पुलांच्या कमानीत पाणी कुठून झिरपतं, याचे फोटो काढणं हे त्याचं काम. ओल उन्हात दिसत नाही. म्हणून लोक कपडे वाळत घालायला ऊन शोधत, तेव्हा हा आभाळाकडे बघत ढग शोधायचा. सगळं खातं पाऊस लागला की खिडक्या लावून बसायचं आणि हा छत्री, स्टँड आणि पिशवी घेऊन निघायचा. बायको म्हणायची, "जगाची माणसं ऊन पडलं की खुलतात. आमच्याकडे ऊन पडलं की यांचं तोंड उतरतं."

हळूहळू त्याला त्या हवेची गोडीच लागली. अहवालाचे फोटो काढून झाले की तो आणखी चार फोटो स्वतःपुरते काढायचा. धुक्यातली पाण्याची टाकी, वादळात वाकलेली झाडं, पावसात चमकणारी शाळेची फरशी. उन्हात सगळ्या भिंती एकसारख्या पिवळ्या दिसतात. ओल्या झाल्या की एकेक दगड वेगळा होतो, असं त्याचं म्हणणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अंधारून आलं की लोक दिवसा दिवे लावतात. मग घर बाहेरूनही दिसतं आणि आतूनही. फोटो काढायला यापरती वेळ नाही, हे त्याने स्वतः शोधून काढलं असं तो खात्यात सांगायचा. ते काही खरं नव्हतं. ते त्याला सातव्या वर्षीच कळलं होतं.

वडील गेले होते, आई अंथरुणाला खिळली होती. ताई एकोणिसाव्या वर्षी टेलिफोन कचेरीत लागली. कानाला यंत्र लावून, समोरच्या बोर्डात दोऱ्या खुपसून, गावोगावच्या लोकांना एकमेकांशी जोडून देण्याचं काम. शाळा सुटली की धाकटा कचेरीसमोरच्या बेकरीच्या पडवीत येऊन उभा राही. त्याच जागी आता मोबाइलचं दुकान आहे. ऊन असलं की खिडक्यांच्या काचांत नुसतं आभाळ दिसायचं, आत कोणी आहे की नाही कळायचं नाही, आणि त्याचा जीव टांगणीला लागायचा. पण आभाळ भरून आलं की आत दिवे लागत. दुसरा मजला, डावीकडून चौथी खिडकी. ताई तिथे एका अंगाने बसलेली दिसायची, ताठ, समोर बघत. ती त्याच्याकडे वळून बघू शकत नसे, तसा नियमच होता. पण दिवा आहे म्हणजे ताई आहे, ताई आहे म्हणजे रात्री जेवण आहे, एवढा हिशोब त्या वयात पुरेसा होता. मग तो निवांत घरी जाऊन आईला औषध द्यायचा.

ताईने लग्न केलं नाही. विचारणारे दोन-तीन जण होते, पण आधी आई होती, मग धाकट्याचं शिक्षण होतं, मग त्याला फोटोग्राफीचं खूळ लागलं तेव्हा पहिला कॅमेराही तिनेच आणला. चौतीस वर्षं ती त्या खिडकीत बसली.

अडीच महिन्यांपूर्वी एका सकाळी ती पेपर वाचता वाचता म्हणाली होती, "आपलं ऑफिस पाडतायत."

"वाचलं मी," धाकटा म्हणाला.

"मला एक फोटो दे त्याचा. दिवे लागलेला."

"तुझ्याकडे आहे की. निवृत्त झालीस तेव्हाचा, पायऱ्यांवरचा."

"त्यात बायका आहेत, इमारत कुठाय?" ताईने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ धाकट्या, मी इतकी वर्षं आत बसले. मी आत असताना बाहेरून ती कशी दिसायची, ते मला कसं कळणार? मी बाहेर आले की मी आत नसायचे. लहानपणी तूच सांगायचास, ताई, आज तुझी खिडकी काय छान दिसत होती! मी हूं म्हणायचे. पण बघितली कधीच नाही."

धाकट्याने तिचा चष्मा उचलून पुसायला घेतला. हा फोटो तिने याआधी तीनदा मागितला होता. एकदा ती सुपरवायझर झाली तेव्हा, एकदा निवृत्तीच्या वर्षी, एकदा तिच्या गुडघ्यांनी कायमचा संप पुकारला तेव्हा. तिन्ही वेळा तो म्हणाला होता, "चांगली वाईट हवा येऊ दे, काढतो." हवा येत होती आणि जात होती. त्याने पंचक्रोशीतल्या सगळ्या गळक्या शाळांचे, तुरुंगांचे, पुलांचे फोटो काढले. टेलिफोन कचेरी राहिली. ती दुसऱ्या खात्याची होती आणि मेली कधी गळलीच नाही. ही चौथी वेळ आहे हे ताईच्या लक्षात नसावं, किंवा असूनही ती बोलली नसावी.

मग अडीच महिने रोज लख्ख ऊन पडलं होतं.

आता भिजलेला, रिकाम्या हाताचा धाकटा ताईच्या दारात उभा राहिला. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, दाराशी तिची काठी, खुर्चीवर घडी घातलेला टॉवेल. टॉवेल त्याच्यासाठीच काढून ठेवला होता हे त्याला दिसलं आणि त्याला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आधी डोकं पूस," ताई म्हणाली. "चहा टाकलाय. कसे आले?"

वाटेत त्याने तीन थापा तयार केल्या होत्या. रोलच खराब निघाला, लेन्सवर वाफ धरली, वीज आधीच गेली होती. तिन्ही तशा पटण्यासारख्या होत्या. पण ताईने उभा जन्म दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात घालवला होता, आणि कोणाच्या आवाजात काय आहे हे तिला वाक्य पुरं व्हायच्या आत कळायचं.

"ताई, एकही आला नाही," तो म्हणाला. "फिल्म अडकलीच नव्हती."

"म्हणजे?"

त्याने सांगितलं. पिशवी, नॉब, अडतीस, सगळं. ताई ऐकत होती. 

"म्हणजे तीन तास पावसात उभा राहून तू हवेचे फोटो काढलेस?"

"हो."

"तू? ओलसाहेब?"

"हो म्हटलं ना."

ताई हसायला लागली. आधी खुदकन, मग खांदे हलेपर्यंत. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. धाकटा टॉवेल हातात घेऊन तसाच उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "हा फोटो मला आधी काढता आला असता. दहा वेळा आला असता. मी कामाच्या नावाखाली जगभर भटकलो आणि तुझ्या खिडकीपाशी यायला मला सवड झाली नाही."

"हो," ताई म्हणाली. "आला असता."

तिने समजूत घातली नाही. "जाऊ दे रे" म्हणाली असती तर त्याला सोपं गेलं असतं. चहा उतू जायला आला तेव्हा धाकट्यानेच आत जाऊन गॅस बंद केला.

"पाडायला कधी घेतायत?" तिने बाहेरूनच विचारलं.

"सोमवारी सकाळी मशीन येतंय."

"आज शनिवार. म्हणजे उद्याचा दिवस आहे."

"अगं, वीज तोडलीय. सगळी इमारत काळोखात आहे."

"माझ्याकडे दिवा आहे." तिने कपाटावर बोट दाखवलं. वीज गेली की लावायचा, चार्ज करून ठेवलेला चांगला मोठा दिवा होता.

धाकट्याला तिचं म्हणणं कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा तो चहाचा कप घेऊन तसाच दारात थांबला. "दुसरा मजला आहे ताई. बेचाळीस पायऱ्या. डॉक्टर काय म्हणालेत आठवतंय ना? तुझे गुडघे..."

"गुडघे माझे आहेत, मी बघते. तू तुझा नॉब सांभाळ."

"आणि एका दिव्याने काय होणार? सगळ्या इमारतीत..."

"सगळी इमारत घेऊन मी काय करू? माझी एक खिडकी होती."

रविवारी सकाळी धाकटा उठला तर खिडकीतून उन्हाची तिरीप पलंगापर्यंत आली होती. आभाळ धुतल्यासारखं निळं. बायकोने आठवडाभराचे कपडे गॅलरीत नेले, पण नवऱ्याचं तोंड पाहून तिने टोमणा गिळला. "दुपारनंतर बदलेल हो," ती म्हणाली, आणि बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच कपडे वाळत घातल्यावर दोघं मिळून ढगांची वाट बघत बसली. तीन वाजता पश्चिमेकडून एक काळपट कड वर आली. साडेतीनला वारा सुटला. चारला बायकोने न वाळलेले कपडे आत घेतले आणि त्याच्या हातात छत्री दिली. "जा," ती म्हणाली. "आणि ताईंना सांभाळून."

ताईला घेऊन टॅक्सी कचेरीपाशी थांबली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते आणि झड लागली होती. फाटकावर पत्र्याच्या टपरीत एक पहारेकरी स्टुलावर बसला होता, चाळिशीचा, मफलर गुंडाळलेला. आत जायचं म्हटल्यावर त्याने दोन्ही हात आडवे केले.

"नाही हो साहेब. उद्या पाडायचीय. काल दुपारनंतर जिन्याचा कठडासुद्धा कापून नेलाय, खिडक्यांच्या चौकटी काढल्यात. मावशींना काही झालं तर माझी नोकरी जाईल."

"किती वर्षं झाली तुम्हाला या कामात?" ताईने विचारलं.

"सहा."

"मी चौतीस वर्षं या फाटकातून आत गेले. कधीकधी पहाटे पाचची पाळी असायची. तुमच्या जागेवर एक जण होता, ओळखपत्र दाखवल्याशिवाय आत सोडायचा नाही. रोज बघायचा मला, तरी रोज दाखवायला लावायचा." तिने पर्स उघडली आणि एक जुनं पिवळं पडलेलं कार्ड त्याच्यापुढे धरलं. "हे बघा. आता सोडता का?"

पहारेकऱ्याने कार्ड घेतलं, त्यावरच्या विशीतल्या मुलीचा फोटो पाहिला, मग ताईकडे पाहिलं. कार्ड त्याने दोन्ही हातांनी परत दिलं.

"मावशी, तुम्ही भिंतीच्या बाजूने चालायचं. मी पलीकडून येतो. आणि हे स्टूल घेऊ बसायला, वर काहीच नाहीये."

"मीपण येतो," धाकटा म्हणाला. काठी, गुडघे, कठडा नसलेला जिना, सगळं त्याला एकदम दिसलं होतं. "ताई, ऐक माझं. मी तुला वर सोडतो आणि खाली येतो."

"खाली येईपर्यंत अंधार पडेल. आणि तू वर आलास तर बाहेरून बघणार कोण?" ताईने दिवा पहारेकऱ्याच्या हातात दिला. "मी आपणहून खाली येणार नाही हां. तुझं झालं की यांना पाठव."

ती दोघं आत गेली. काठीचा आवाज काही पावलं ऐकू आला, मग पावसात हरवला.

धाकट्याने रस्त्यापलीकडे पडवीच्या कडेला स्टँड लावला. मग खिशातली पिशवी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खिशात कोंबली. भिजला कॅमेरा तर भिजला. त्याने पाठ उघडून जीभ खाचेत आहे हे पाहिलं, लावली, पुन्हा उघडावीशी वाटली तो मोह आवरला, आणि लिव्हर ओढली. नॉब फिरला. बटण दाबून पुन्हा ओढली. पुन्हा फिरला. छत्री त्याने कॅमेऱ्यावर धरली आणि स्वतः भिजत राहिला.

खिडकी काळीच होती.

पाच मिनिटं झाली. अशा हवेत संध्याकाळचा उजेड फार वेळ टिकत नाही. आभाळात थोडा उजेड आहे तोवर दगड दिसतो, कोपरे दिसतात, छप्पर दिसतं. तो गेला की काळोखात नुसता एक दिवा उरतो आणि तो कुठल्याही इमारतीतला असू शकतो. धाकट्याला हे सगळं पाठ होतं. दहा मिनिटं झाली. एकेका पायरीला तिला किती वेळ लागत असेल याचा तो मनात अंदाज करत होता आणि प्रत्येक अंदाजात ती कुठेतरी थांबलेली, भिंतीला टेकलेली दिसत होती. फोटो नको, काही नको, आधी तिला खाली आणावं असं त्याला वाटलं. एक पाऊल त्याने रस्त्यात टाकलंही. पंधरा मिनिटं झाली.

दुसऱ्या मजल्यावर काहीतरी हललं. आधी तिसऱ्या खिडकीतून दिसणाऱ्या भिंतीवर उजेडाची कड सरकली, मग चौथी खिडकी उजळली.

चौकट नव्हती, काच नव्हती, म्हणून आतलं सगळं स्वच्छ दिसत होतं. पहारेकऱ्याने स्टूल ठेवलं, ताईने हाताने खूण करून ते थोडं मागे घ्यायला लावलं, मग आणखी थोडं भिंतीकडे. दिवा कुठे ठेवायचा तेही तिनेच सांगितलं. मग ती बसली. तिने काठी दिसणार नाही अशी पलीकडे टेकवली, पदर सारखा केला, आणि जिथे एकेकाळी बोर्ड होता त्या रिकाम्या भिंतीकडे तोंड करून ताठ झाली. बाहेर तिने पाहिलं नाही. पहारेकरी उजेडातून बाजूला झाला.

 त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने भर रस्त्यात रडू नये हे त्याला ठाऊक होतं, पण पाऊस होता म्हणून कोणाला कळलं नाही.

त्याने डोळे बाहीला पुसले आणि कामाला लागला. पहिला फोटो, चार सेकंद शटर उघडं. तोंडाने हळू मोजले. लिव्हर ओढली, नॉब फिरला. आठ सेकंद. वाऱ्याचा झोत आला, पावसाची एक सर थेट खिडकीतून आत गेलेली त्याला दिसली. ताई हलली नाही. नॉब फिरला. मग शेवटचा, पंधरा सेकंदांचा. या वेळी त्याने मनातल्या मनात मोजले. दगड अजून दिसत होता, छपराची कड दिसत होती, आणि त्या सगळ्याच्या मधोमध त्याची बहीण ड्यूटीवर बसली होती. पंधरा झाले. खट्‌.

पहारेकरी रस्ता ओलांडून आला, डोक्यावर पोतं घेऊन. "मावशी म्हणाल्या, मी वर थांबायचं नाही. फोटोत सावली पडेल म्हणाल्या." तो धापा टाकत होता. "एकतिसाव्या पायरीवर बसल्या होत्या थोडा वेळ. मी म्हटलं, परत जाऊ. तर म्हणतात कशा, उशिरा आलं की हजेरी लागत नाही."

 धाकट्याने कॅमेरा स्टँडवरून काढला, रुमालाने पुसला आणि कोटाच्या आत घेऊन वरून बटणं लावली. हे सगळं त्याने खिडकीवरची नजर न काढता केलं. ताई तशीच बसून होती. एवढ्या लांबून तिला पाठदुखी नव्हती, गुडघे नव्हते, वय नव्हतं.

"झालं का साहेब?" पहारेकऱ्याने विचारलं. "आणू त्यांना खाली?"

"नाही अजून," धाकटा म्हणाला. "थोडं थांबा."